जरीनाबाईची कॉलर

एटापल्लीच्या बाजाराकडं जानाऱ्या वाटेवर एक टिनाचं दुकान होतं. समोर कापडाचा पडदा, आत दोन मशीनी, अन् मशीनीमागं जरीनाबाई. तिच्याकडं पोलकं शिवाले टाकलं का आठ दिवसाचं बोलून चौथ्या दिवशीच देऊन टाके. अन् देतादेता पाच गोष्टी सांगे. कोनाच्या घरी काय शिजलं, कोनाची गाय हरपली, कोनाच्या पोरीले पाहाले पाव्हने येऊन गेले, सारं तिले ठाऊक. बोलन्याची भल्ली हौस बाईले. पन दुकानाचा पडदा पडला का तिच्यासंग बोलाले घरात कोनी नव्हतं.

तिचं माहेर-सासर दोनी वडशाचं. नवरा मुजफ्फर, शिलाईवाला. वडशाले थंडीत नाटकाच्या कंपन्या निघतेत, त्याईचे कपडे मुजफ्फर अन् त्याचा मोठा भाऊ रफीक दोघं मिळून शिवत. राजाचा झगा, शिपायाचा कोट, नाचनारीचा घागरा. एका सालाले दोघा भावाईचं बिनसलं. कशावरून, तं राजाच्या झग्याले जरीची पट्टी कोनं उलटी लावली यावरून. मुजफ्फर म्हने दादानं, दादा म्हने यानं. कंपनीवाला म्हने, राजा मेला तरी चालन पन झगा सुदा करून द्या. तेवढ्यावरून मुजफ्फरनं आपली मशीन उचलली, बायको घेतली अन् जंगलातल्या एटापल्लीले येऊन बसला. तवा तिथी शिकला-सवरला शिलाईवाला कोनीच नव्हता. हापिसं नवीनच झालते. मास्तरं, बाबू, शिपाई, साऱ्याईले शर्ट पाह्यजे.

लेकरू झालं नाई. मुजफ्फर म्हने, ‘नाई तं नाई, तू माझी चेली हो.’ त्यानं तिले पोलक्यापासून कोटापर्यंत सारं शिकवलं. अन् शेवटी शिकवली कॉलर.

आता कॉलर म्हनजे लोकाईले वाटते, गळ्याले लावाची पट्टी. तसं नाई बाप्पा. कॉलरीले दोन पानं असतेत, वरचं अन् खालचं. दोनी सारखे कापले का टोकं वर उभे राहतेत, बकऱ्याच्या कानासारखे. वरचं पान एक सूत मोठं कापाव लागते, अन् शिवताना ते खालच्यावर ओढून घ्याव लागते. मंग टोक गळ्याकडं वळून बसते. किती मोठं, कुठी ओढाचं, कुठी सोडाचं, हे डोळ्याईनं समजत नाई, बोटाईनं समजते. मुजफ्फर म्हने, ‘जरीना, सारं कोनालेई दे, पन हे हाती ठेव. उस्ताद एक गोष्ट हाती ठेवते. चेला सारंच शिकला का उस्तादाले कोन विचारते?’

एका पावसाळ्यात मुजफ्फरले हिवताप भरला. तिसऱ्या दिवशी गेला. एटापल्लीच्याच कबरस्तानात त्याले ठेवलं. रफीकभाऊ वडशावरून आला, झग्याचं भांडन इसरून ढसाढसा रडला, अन् म्हने, ‘जरीना, चाल. घरात जागा हाय, नाटकाच्या हंगामात काम हाय.’

‘याले एकट्याले इथी टाकून कशी येऊ भाऊ?’ जरीनाबाई म्हने. रफीकभाऊ दोन दिवस राह्यला अन् चालला गेला.

त्याच्यानंतर दोन-तीन वर्सानं तहसीलच्या पटांगनात एक सभा झाली. गडचिरोलीवरून एक साहेब आला होता. पोरा-पोरीईले सांगत होता, शहरात मजुरीले जाऊ नोका, आपल्या गावातच धंदा टाका. कोनी कोंबड्या पाळा, कोनी सायकल सुधारा, कोनी शिलाई करा. जरीनाबाईले बोलावून खुर्चीवर बसवलं, मशीन चालवून दाखवाले लावली. टाळ्या वाजल्या. साहेबाची जीप गेली, अन् सभाही लोकं इसरले. पन जरीनाबाईच्या डोक्यात ते बसलं. ती आपली रोज दुकानातून बोलत राहे, ‘अवं, इथी येऊन बाजार करता, इथीच येऊन शिवता. तुमच्या गावात एक पोरगी मशीन घेऊन बसली तं?’ लोकं हासत. एक दिवस एका खेड्यावरची दीपिका नावाची पोरगी आली अन् म्हने, ‘बाई, मले शिकवा मंग.’

दीपिका दोन वर्स राह्यली अन् आपल्या गावाले गेली. तिच्यामागं रूही आली, ते अहेरीकडं गेली. आनखी दोन-तिघी आल्या-गेल्या. पोरगी जाताना जरीनाबाई सोता एसटीच्या लाल गाडीवर सोडाले जाये, कंडक्टरले दम देये, ‘मशीन हाय, बोरी नाई, नीट ठेव.’ साऱ्या गावाले सांगत सुटे, ‘माझ्या पोरीचं दुकान हाय फलान्या गावाले.’ अन् घरी आली का दोन-तीन दिवस कोनाशी बोलत नाई. पडदा अर्धा पाडून बसून राहे. मंग पुन्हा कोनी पोरगी आली का बोलनं सुरू.

पन कॉलर तिनं एकीलेई शिकवली नाई. पोलकं, परकर, फ्रॉक, पिशव्या, सारं शिकवलं. शर्टाचं कापड आलं का पोरीले म्हने, ‘जा व, बोरिंगवरून पानी आन.’ पोरगी पानी आने तोवर कॉलर कापून होये.

बुधरी आली तवा सोळा-सतरा वर्साची होती. सूरजागडच्या पहाडापलीकडं वेंगामेट्टा नावाचं पंधरा-वीस घराचं गाव, तिथची माडिया पोरगी. माय-बाप नाई, मावशी सुकरीनं पोसली. मावशीसंग बाजाराले चिंच घेऊन येये, अन् चिंच मावशीच्या हवाली करून इथी पडद्यापाशी उभी राहे. मशीनचं चाक फिरलं का हिचं डोकं फिरे. जरीनाबाई म्हने, ‘आत ये, चाक काई चावत नाई.’ ते आत आली ते पाच वर्स राह्यली.

बुधरी बोले कमी, गुनगुनत जास्त. सुकी मासोळी भाजली का दोन घास जास्त जेवे. रमजानात पहाटे तीच जरीनाबाईले उठवे अन् सोताही उगामुगा संग जेवून घेये. जरीनाबाई म्हने, ‘तुले कोनं सांगतलं व उपास धराले?’ बुधरी म्हने, ‘उपास नाई बाई, जेवन. तुम्ही एकट्या जेवता म्हनून.’

मंधातच जरीनाबाईच्या डोळ्यात धुकं उतराले लागलं. सुरुवातीले सुई दिसत नव्हती, मंग खडूची रेघ दिसत नव्हती, मंग मानसाचं तोंड दारात उभं राह्यलं का नुसता आकार दिसे. डोळ्याच्या शिबिरातल्या डॉक्टरनं सांगतलं, गडचिरोलीले जाऊन आपरेशन करा. जरीनाबाई म्हने, ‘डोळ्यात चाकू? नाई बाप्पा. माझी बुधरी हाय.’ अन् खरंच, बुधरी तिचे डोळे झाली. माप घ्याले बुधरी, कापाले बुधरी, दोरा ओवाले बुधरी. जरीनाबाईचं काम फक्त पाय मारन्याचं अन् बोलन्याचं. शर्ट मातर ती अजून सोताच कापे, हातानं चाचपून. अन् अजूनही म्हने, ‘जा व, पानी आन.’

एक दिवस बुधरी म्हने, ‘बाई, मी जाऊ का आता माझ्या गावाले? दुकान टाकाले.’

जरीनाबाईचा पाय मशीनवरच थांबला. मंग म्हने, ‘जाजो ना. पावसाळा निघू दे.’

पावसाळा निघाला. ‘दिवाळीचे पोलके हायेत इतके, ते झाले का जा.’ दिवाळी झाली. ‘तुले द्याची मशीन आवाज करते, दुरुस्त करू दे.’ मशीन काई आवाज करत नव्हती. बुधरीले ते ठाऊक होतं, अन् बुधरीले ठाऊक हाय हे जरीनाबाईले ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी दीपिका आली. कडेवर लेकरू, हातात दोऱ्याच्या रिळा. दुकानात बसली, चहा पेली अन् बुधरीकडं पाहून म्हने, ‘काय बाई, हिले पाच वर्स झाले! आमाले तं दोन वर्सात हाकललं तुम्ही. म्हनत होत्या, गावात दुकान टाक नाई तं तोंड दाखवू नोको. हे का लाडकी हाय?’

दीपिका हासली. बुधरीही हासली. जरीनाबाईही हासली, पन तिचं तोंड उतरलं. ज्या गोष्टीपाई साऱ्या तालुक्यात तिचं नाव होतं, तेच ती एका पोरीच्या बाबतीत खोटं करून राह्यली होती. रात्री भाकरी खाता खाता म्हने, ‘बुधरी, जा व. तयारी कर.’

अन् मंग आपल्या सवयीनं ती हौसेले पडली. एटापल्लीच्या बाजारात पहाडाकडच्या बाया येत, त्याईच्या आंगात पोलकं नसे, नुसता पदर घट्ट लपेटलेला राहे. जरीनाबाईले वाटे, गरिबी. बिचाऱ्याईले शिवून द्याले कोनी नाई, इथवर येनं परवडत नाई. म्हनून तिनं सांगतलं, ‘आधी पोलकेच शिवून ने. तयार माल. साऱ्या बाया धावत येतीन.’ लाल, हिरवे, पिवळे, लहान-मोठ्या मापाचे दोन कोडी, म्हनजे चाळीस पोलके शिवले. बुधरी कापे अन् जरीनाबाई शिवे. बुधरी एक-दोनदा म्हने, ‘बाई, इतके?’ जरीनाबाई म्हने, ‘तू चूप. तुले धंद्याचं काय समजते?’

जानेवारीच्या आसपास बुधरीचा चुलतभाऊ लालसू कावड घेऊन आला. एकीकडं हातमशीन, दुसरीकडं पोलक्याचं गाठोडं. वजन बरोबर नाई बसलं म्हनून गाठोड्यात दोन गोटे टाकले. जरीनाबाई लाल गाडीपर्यंत गेली, कंडक्टरले दम देला. गाडी गेली तवा तिले गाडी दिसली नाई, धूळ दिसली नाई, नुसता आवाज बारीक होत गेला.

आधीच्या पोरी गेल्या तवा दोन-तीन दिवसाची गोष्ट होती. आता ते दिवस सरतच नव्हते. नवी पोरगी आली नाई. आली असती तरी काय, तिले शिकवाले बाईचे डोळे कुठी होते? मास्तरनीचं पोलकं शिवलं, दोनी बाह्या डाव्या लागल्या. मास्तरनी ते घेऊन गेली, पन पुढचं कापड दुसरीकडं गेलं. जरीनाबाई कोनी आलं का पहिलेसारखी बोले, पन बोलतानाच थांबे अन् म्हने, ‘होय का नाई व?’ मागून जबाब येत नसे.

ईदीले तिनं सकाळीच शेवया केल्या. शेजारच्या घराईत वाटल्या. उरलेल्या घेऊन मुजफ्फरच्या कबरीपाशी जाऊन बसली. म्हने, ‘तुम्ही बरोबर सांगतलं होतं. पन मी तं कॉलर हाती ठेवली, तरी पोरगी गेलीच.’

पावसाळ्यात पहाडाकडची वाट बंद. नाल्याईले पूर. बातमी नाई. दसऱ्याच्या आसपास बाजार भरला तवा एक मानूस डिंक घेऊन आला होता, वेंगामेट्ट्याच्या जवळचा. जरीनाबाईनं त्याले धरलं, ‘आमची बुधरी कशी हाय? दुकान कसं चालते?’

तो म्हने, ‘कोनतं दुकान बाई? मशीनवर फडकं झाकलं हाय. काई चालत नाई. बुधरी मावशीसंग रानात जाते.’

अन् काय सांगाव, जरीनाबाईले आनंद झाला. बाजारातून सुकी मासोळी आनली. बुधरीचं अंथरून वाळत घातलं, तिची खुंटी झाडली. शेजारनीले सांगतलं, ‘माझी बुधरी परत येऊन राह्यली.’ अन् दुपारी नमाजले बसली, तं हात वर उठले अन् मागाले काई सुचलं नाई. काय मागाव? का पोरीचं दुकान बुडालं ते बरं झालं म्हनाव? नंतर चटई गुंडाळली अन् सोताले म्हने, ‘जरीना, तू का मानूस हाय?’ पन अंथरून काई तिनं आत आनलं नाई. उन्हात राहू देलं.

धान कापनं झालं, नाले उतरले, तवा ती निघाली. लटारूची जीप पहाडाच्या पायथ्यापर्यंत जाये. लटारू म्हने, ‘बाई, तुमाले दिसत नाई अन् पहाड चढता?’

‘चढाले डोळे लागत नाई, पाय लागतेत. अन् येताना दोन जागा ठेवजो, एक माझी अन् एक पोरीची. परवाच्या दिवशी.’

पायथ्याले एका पोराले संगत घेतलं, त्याची काठी धरून चालली. अर्धा दिवस लागला. वेंगामेट्ट्याले पोचली तवा कुत्रे भुंकले, लेकरं पळाले, अन् कोनीतरी ओरडलं. मंग ओळखीच्या पायाचा आवाज आला. बुधरीनं तिचे दोनी हात धरले. जरीनाबाईनं तिचं तोंड चाचपलं अन् म्हने, ‘वाळली व तू.’

‘तुम्ही बी, बाई.’

सुकरीच्या घरी बसवलं. आंबील देली प्याले. मंग जरीनाबाई म्हने, ‘दाखव तुझं दुकान.’ बुधरीनं तिले पडवीत नेलं. मशीनवर खरंच फडकं होतं. अन् वर, बांबूवर, ते दोन कोडी पोलके एका रांगेत टांगले होते. बाईले रंग धुकट धुकट दिसले. हात फिरवला, एकही कमी झालं नव्हतं.

‘काऊन व? महाग सांगतलं का?’

सुकरी माडियात काईतरी बोलली अन् पडवीत बसलेल्या साऱ्या बाया खदाखदा हासल्या.

‘काय म्हन्ते तुझी मावशी?’

‘म्हन्ते, मी आता पोलकं घातलं तं लोकं म्हनतीन, सुकरी पुन्हा कुवारी झाली, नवरा पाहा तिच्यासाठी.’ बुधरी सावकाश म्हने, ‘बाई, आमच्या इकडं लगीन झालेली बाई पोलकं घालत नाई. रीत हाय. पोरी घालतेत, बाया नाई.’

जरीनाबाई खालीच बसली. वीस-पंचवीस वर्स ती एटापल्लीत राह्यली. दर बाजाराले त्या बाया डोळ्यासमोरून गेल्या. अन् तिले वाटत राह्यलं, गरिबी.

‘तुले ठाऊक होतं?’

‘हव.’

‘मंग काऊन नाई सांगतलं व? दोन कोडी शिवले आपन! बसून बसून माझी पाठ गेली!’

‘सांगतलं असतं तं तुम्ही म्हनल्या असत्या, मंग जाऊन काय करतं, राहा इथीच. अन् मी राह्यली असती, बाई.’

जरीनाबाई म्हने, ‘तुझं लगीन झालं का तूही सोडशील?’

‘पाहू बाई. तवाचं तवा.’

पुन्हा सुकरी काईतरी बोलली, पुन्हा हासू झालं. कोनी समजावून सांगतलं नाई, अन् बाईनं विचारलं नाई.

आता सारं तिच्या मनासारखं जुळून आलं होतं. दुकान बुडालं. परवा लटारूची जीप. ‘चाल बेटा, गाठोडं बांध’ इतकंच म्हनाचं होतं. शब्द तोंडात आला होता.

तेवढ्यात लालसू आला. रामराम केला अन् हातातलं कापड पुढं केलं. ‘बाई, तुम्ही आल्या ते चांगलं झालं. हे शर्ट पाहा. पूर्न गावात कोनाले शर्ट शिवाचा असन तं एटापल्लीले जाव लागते. आश्रमशाळेच्या पोराईचे शर्ट फाटले, तेही तसेच. बुधरीनं एक शिवून पाह्यला. कॉलर अशी झाली.’

जरीनाबाईनं शर्ट हातात घेतला. बोटं गळ्यावर नेले. दोनी टोकं वर उभे. बकऱ्याचे कान.

लालसू हासून म्हने, ‘हे घातलं तं पोरं मले बे बे करतेत.’ मंग म्हने, ‘इतकी मोठी शिलाईवाली, अन् हिले कॉलर नाई शिकवली?’

‘शिकवली होती,’ बुधरी घाईघाईनं म्हने. ‘बाईनं शिकवली. दहादा शिकवली. माझ्याच डोक्यात गेली नाई.’

जरीनाबाईच्या हातात शर्ट तसाच राह्यला. पाच वर्सात बोरिंगवरून किती घागरी पानी आनलं असन या पोरीनं. घरात रांजन भरलेला असे तरी. अन् तिले सारं समजत होतं. अन् आता लोकाईसमोर आपलं डोकं खराब म्हनून राह्यली, उस्तादाचं नाव राखाले.

बाईनं ते टोकं आंगठ्यानं दाबून पाह्यले, ते पुन्हा उभे राह्यले. लालसूले वाटलं, रागावली. तो जाऊ लागला.

‘थांब,’ जरीनाबाई म्हने. ‘गळा दे इकडं. बुधरी, फडकं काढ मशीनीवरचं. अन् एखादा पुठ्ठा पाह्य. साबनाचा, बिडीचा, कोनताबी.’

बुधरी उठली. ‘पानी आनू का बाई?’ तिच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं.

‘नाई,’ बाई म्हने. ‘बस इथी. उठू नोको.’

पुठ्ठा आला. जरीनाबाईनं लालसूचा गळा आपल्या विताईनं मापला. पुठ्ठ्यावर रेघ मारता येत नव्हती, म्हनून नखानं वळ उमटवला अन् बुधरीले त्यावर कात्री फिरवाले लावली. मंग म्हने, ‘डोळे मिट.’

‘काऊन?’

‘मिट म्हन्ते ना. डोळे उघडे राह्यले तं समजनार नाई.’ बुधरीनं मिटले. जरीनाबाईनं तिचे बोटं आपल्या बोटाखाली घेतले. ‘हे खालचं पान. हे वरचं. वरचं एक सूत मोठं, लागते हाताले? लागते. आता दोनी जुळव. वरचं फुगते, होय ना? फुगू दे. इथून ओढ. जास्त नाई. दोरा ताठ झाला का बस. आता कोपरा. कोपऱ्याले दोन टाके आडवे, अन् मंग उलटाव.’

कडक अस्तर पाह्यजे होतं, ते जंगलात कुठी मिळते? जरीनाबाईनं बांबूवरचं एक लाल पोलकं ओढलं, त्याचं अस्तर उसवलं अन् कॉलरीत भरलं. पहिली कॉलर वाकडी झाली. दुसरी थोडी कमी वाकडी. संध्याकाळपर्यंत सहा पोलके उसवले. पडवीतल्या बाया येऊन पाहत, हासत, चालल्या जात. एकटी सुकरी हलली नाई. दुसऱ्या दिवशी दुपारी बुधरीनं डोळे मिटून एक कॉलर शिवली, उलटवली अन् बाईच्या हातात देली.

जरीनाबाईनं टोकावर आंगठा फिरवला. टोक वळून बसलं होतं, जसं मुजफ्फरच्या हातचं बसे.

‘झालं,’ बाई म्हने. ‘आता माझ्यापाशी काई नाई राह्यलं.’

बुधरी रडाले लागली. ‘बाई, तुम्ही इथीच राहा ना. सुकरी मावशीही म्हन्ते. पडवीत जागा हाय.’

‘तिथी तुझा मुजफ्फरकाका हाय ना मातीत. त्याले कोन हाय?’ जरीनाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘लालसूचा शर्ट कर पहिले. मंग शाळेचे. शाळेच्या मास्तरले जाऊन सोता विचार, शरमू नोको. अन् मशीनले तेल देत जा.’

तिसऱ्या दिवशी सकाळी बुधरी अन् लालसू तिले पायथ्यापर्यंत पोचवाले आले. लालसूच्या आंगात नवा शर्ट होता. जरीनाबाईनं सांगतलं, ‘तुम्ही जा आता, ऊन चढते.’ पन ते जीप येईपर्यंत उभे राह्यले.

लटारूनं पाह्यलं, म्हने, ‘दोन जागा ठेवल्या ना बाई. पोरगी कुठी?’

‘पोरीचं दुकान हाय,’ जरीनाबाई म्हने. ‘दुकान सोडून कशी येईन?’ अन् रिकाम्या जागेवर सुकरीनं देलेल्या सुकल्या मोहाची अन् वास्त्याची, बांबूच्या सुकवल्या कोंबाची, टोपली ठेवून घेतली.

त्यानंतर ती सात-आठ वर्स होती. बुधरी सालातून दोनदा बाजाराले येये, चहा पेये, रिळा अन् बटनं घेये, अन् ऊन उतरायच्या आत निघे. वाट लांब होती. रफीकभाऊचा निरोप दर थंडीत येये, अन् दर थंडीत बाई नाई म्हने. आपरेशन तिनं केलंच नाई. मशीनीवर उसवलेलं शिवून देये, परकराले नाडी भरून देये, जे आंधळ्या हाताले जमन तेवढं. पडद्याआड बसून आवाजावरून मानसं ओळखे, अन् कोनी थांबलं तं बोले. कमी लोकं थांबत.

एका उन्हाळ्यात एक तरना मानूस आला, पहाडाच्या अलीकडच्या गावचा, बिरजू नावाचा. दोन शर्टाचं कापड घेऊन. लगीन होतं त्याचं. म्हने, ‘बाई, लोकं सांगतेत, कॉलर तुमच्यासारखी कोनाले येत नाई.’

जरीनाबाईनं कापड हातात घेतलं. मऊ होतं, नव्याचा वास होता. घडी उलगडली, बोटाईनं काठ पाह्यला, अन् पुन्हा नीट घडी करून त्याच्या हातात परत ठेवलं.

‘वेंगामेट्ट्याले जा. बुधरीकडं.’

‘ते तं अर्ध्या दिवसाची वाट हाय बाई. तुम्ही इथी हाय ना.’

‘मी हाय,’ ती म्हने, ‘पन शर्ट तिथीच शिव. अन् तिले सांग, जरीनाबाईनं पाठवलं. चहा पाजन ते.’

त्यानं कापड काखेत मारलं अन् गेला. जरीनाबाईनं त्याच्या पायाचा आवाज बाजाराच्या गर्दीत मिसळेपर्यंत ऐकला. आत कोनी विचारनारं नव्हतं का कोन आलं होतं. तरी तिनं मान मागं वळवली अन् सांगतलं, ‘बुधरीचं गिऱ्हाईक होतं व.’